कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू उतरले नाहीत: मिनेसोटातील आहारचाचणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कळसाला पोहोचले होते आणि त्याचे मूळ ताटातील मेदात आहे, हे मत वैद्यकीय वर्तुळात झपाट्याने रुजत होते. या मताचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते होते मिनेसोटा विद्यापीठातील अँसेल कीज. १९५८ मध्ये त्यांनी सात देशांतील पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला होता. त्याआधी आणि त्याच सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह काटेकोर नियंत्रित आहारप्रयोगांतून एक सूत्र बसवले होते. लोणी, चरबी, सायीचे दूध यांतील संपृक्त मेदाम्ले रक्तातील कोलेस्टेरॉल जितके वाढवतात, त्याच्या साधारण निम्म्याने मका, सोयाबीन यांसारख्या तेलांतील बहुअसंपृक्त मेदाम्ले ते उतरवतात, असा त्याचा आशय होता. हे सूत्र आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करून त्याजागी वनस्पती तेले घेण्याचा सल्ला दिला, त्यामागे हीच विचारसरणी होती.

तरीही साखळीची एक कडी निरीक्षणांवरच उभी होती. आहार बदलला की कोलेस्टेरॉल बदलते, हे प्रयोगाने सिद्ध झाले होते. कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, हे लोकसमूहांच्या अभ्यासांतून दिसले होते. मात्र आहार बदलून कोलेस्टेरॉल उतरवले तर माणसे अधिक जगतात का, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ताटापासून मृत्यूच्या नोंदीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच चाचणीत मोजावा लागणार होता. मिनेसोटातील राज्य मनोरुग्णालयांत १९६८ ते १९७३ या काळात झालेली चाचणी त्यासाठीच आखली गेली. तिचे मुख्य संशोधक इव्हान फ्रान्झ होते आणि कीज त्यांचे सहसंशोधक होते. रुग्णांची ओळख कोणत्याही प्रकाशित कागदात नाही. संशोधकांची नावे सार्वजनिक नोंदीतील असल्याने येथे दिली आहेत.

मूळ प्रश्न आणि समोरचे पर्याय

अशी चाचणी कोठे करायची, हा पहिला निर्णय होता. सर्वसामान्य कुटुंबांत करायची तर हजारो घरांच्या स्वयंपाकावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागले असते. तशा राष्ट्रव्यापी चाचणीची पूर्वतयारी अमेरिकेत झालीही होती, पण खर्चाचा आकडा पाहून ती पुढे गेली नाही. दुसरा पर्याय आधीच हृदयविकार झालेल्या थोड्या रुग्णांवर चाचणी करण्याचा होता. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात तो मार्ग घेतला गेला, कारण अशा रुग्णांत पुढच्या घटना लवकर घडतात आणि कमी माणसांत उत्तर मिळू शकते. तिसरा पर्याय म्हणजे जिथे जेवण एकाच मुदपाकखान्यातून येते, अशा संस्थेत चाचणी करणे.

मिनेसोटाच्या संघाने तिसरा पर्याय निवडला. सहा राज्य मनोरुग्णालये आणि एक शुश्रूषागृह यांत मिळून ९,००० हून अधिक स्त्री-पुरुषांना या चाचणीत घेण्यात आले. काटेकोरपणाच्या दृष्टीने ही निवड फार मोलाची ठरली. कोणाला कोणता आहार मिळायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने ठरत होते. दोन्ही आहारांतील पदार्थ दिसायला सारखे ठेवले होते, त्यामुळे रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरांना, दोघांनाही गट कळत नव्हता. आहाराच्या संशोधनात अशी दुहेरी अंध चाचणी क्वचितच शक्य होते. ज्यांना आहाराच्या चाचण्या सैल वाटतात, त्यांनी या चाचणीची आखणी एकदा मुळातून पाहावी.

या निवडीची दुसरी बाजू त्या काळात फारशी बोलली गेली नाही. रुग्णांकडून लेखी संमती घेतली गेली नाही. दोन्ही आहार रुग्णालयाचा नेहमीचा आहार म्हणून मान्य होण्याजोगे आहेत आणि तपासण्यांनी रुग्णसेवा सुधारेलच, अशी त्यामागची भूमिका होती. मानवी प्रयोगांविषयीचा अमेरिकेतील राष्ट्रीय कायदा १९७४ मध्ये, म्हणजे चाचणी संपल्यावर आला. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने ही भूमिका मान्य केली नसती, आणि हे केवळ औपचारिकतेचे उणेपण नव्हते. ज्यांनी संमती दिलेली नसते, त्यांच्यावरील प्रयोगाचा निकाल सांगण्याचे बंधन संशोधकावर अधिकच असते. पुढील घटनाक्रम या बंधनाच्या प्रकाशात वाचावा लागतो.

चाचणी प्रत्यक्षात कशी चालली

नियंत्रण गटाला त्या काळच्या सरासरी अमेरिकन जेवणासारखा आहार मिळत होता. त्यात एकूण उष्मांकांपैकी सुमारे १८ टक्के संपृक्त मेदातून येत होते आणि बहुअसंपृक्त मेदाचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. प्रयोग गटात संपृक्त मेद निम्म्यावर, म्हणजे ९ टक्क्यांवर आणले गेले आणि बहुअसंपृक्त मेद १५ टक्क्यांपर्यंत नेले गेले. मेदाचे एकूण प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. आहारातील कोलेस्टेरॉल नियंत्रण गटात दिवसाला ४४६ मिलिग्रॅम, तर प्रयोग गटात १६६ मिलिग्रॅम होते.

हा बदल घडवून आणण्याचे साधन होते मक्याचे तेल. स्वयंपाकाच्या नेहमीच्या चरबीऐवजी ते वापरले गेले. दुधातील आणि चीजमधील साय काढून तिच्या जागी तेल भरले गेले आणि कमी चरबीच्या खिम्यातही ते मिसळले गेले. लोण्याऐवजी मक्याच्या तेलाचे मऊ मार्गारिन देण्यात आले. मक्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेइक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-६ गटातील मुख्य मेदाम्लाचा असतो, आणि ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल त्यात जेमतेम एक टक्का असते. त्यामुळे प्रयोग गटाच्या आहारात वाढले ते जवळजवळ केवळ लिनोलेइक आम्ल, आणि तेही आधीच्या जवळपास चौपट. ‘बहुअसंपृक्त’ या एका शब्दाखाली दोन वेगळी मेदाम्ले येतात, ही गोष्ट त्या वेळच्या आखणीत महत्त्वाची मानली गेली नव्हती. पुढच्या सगळ्या वादाचा निम्मा भाग येथेच दडलेला आहे.

चाचणी चालू असतानाच परिस्थितीने एक अनपेक्षित वळण घेतले. मनोरुग्णांना वर्षानुवर्षे संस्थेत ठेवण्याचे धोरण अमेरिकेत मागे पडत होते आणि रुग्णांना लवकर घरी पाठवले जाऊ लागले होते. रुग्णांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट होती, पण चाचणीच्या गणितावर तिने आघात केला. रुग्ण घरी गेला की त्याचा आहारही सुटत होता आणि पाठपुरावाही. परत दाखल झाल्यास त्याला पूर्वीच्याच गटाचा आहार मिळे, परंतु मधल्या काळात काय झाले, हे नोंदवण्याची सोय नव्हती. आहारावर राहण्याचा सरासरी काळ ३८४ दिवसांवर आला. दोन वर्षांहून अधिक काळ आहार घेणारे केवळ १,५६८ जण उरले. धमन्या कठीण होण्याची क्रिया दशकानुदशके चालणारी असते, हे ध्यानात घेतले तर ३८४ दिवसांत तिच्यावर किती फरक पडावा, ही शंका त्या वेळीही रास्त होती आणि आजही आहे.

येथे पहिला खरा निर्णयबिंदू आला होता. रुग्ण घरी जाऊ लागल्याचे स्पष्ट झाल्यावर किमान त्यांच्या मृत्यूंची माहिती राज्याच्या मृत्यूनोंदींतून मिळवण्याची तरतूद करता आली असती. आहार सुटल्यानंतरचे मृत्यू मोजणे आदर्श नव्हे, पण यादृच्छिक विभागणीचे मोल त्यामुळे टिकले असते. देशपातळीवरील मृत्यूसूची अमेरिकेत १९७९ पासूनच्या मृत्यूंसाठीच उपलब्ध झाली, त्यामुळे हे काम सोपे नव्हते, हेही मान्य करावे लागते.

१९७३: निकाल हाती, अडचण समोर

चाचणी १९७३ मध्ये संपली. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आहाराने अपेक्षेप्रमाणे काम केले होते. सुरुवातीला सरासरी २०७ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असलेले कोलेस्टेरॉल प्रयोग गटात १७५ पर्यंत उतरले, तर नियंत्रण गटात ते २०३ वर राहिले. कीज यांच्या सूत्राला याहून चांगला दुजोरा मिळणे कठीण होते.

मृत्यूंच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे होते. प्रयोग गटात २६९ आणि नियंत्रण गटात २४८ मृत्यू नोंदले गेले. हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित घटनांचे प्रमाण दर हजार व्यक्तिवर्षांमागे (एक व्यक्ती एक वर्ष निरीक्षणाखाली म्हणजे एक व्यक्तिवर्ष) प्रयोग गटात २७.२ आणि नियंत्रण गटात २५.७ होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता, म्हणजे आहाराने अपाय केला असे या आकड्यांवरून म्हणता येत नव्हते, पण लाभ झाला असेही म्हणता येत नव्हते. काही तरुण वयोगटांत कल अनुकूल दिसला, वृद्धांत तसा दिसला नाही.

अशा वेळी संशोधकासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली म्हणजे जे आहे ते सगळे, मर्यादांसह, तातडीने छापणे. दुसरी म्हणजे चाचणी अपुरी ठरली, मुदत कमी पडली, असे ठरवून मोठ्या चाचणीची मागणी करणे आणि हाती असलेले आकडे त्या मागणीचा आधार म्हणून मांडणे. तिसरी म्हणजे आकड्यांत काहीतरी चुकले असावे, असे समजून पुन:पुन्हा तपासत राहणे. तिसरी वाट अप्रामाणिक नसते. ज्या संशोधकाला सिद्धान्ताची खात्री असते, त्याला आपल्या चाचणीतील दोष प्रथम दिसतात आणि सिद्धान्तातील दोष सर्वांत शेवटी. फ्रान्झ स्वतः संपृक्त मेद कमी करण्याच्या बाजूचे होते आणि त्यांच्या घरचा आहारही तसाच असे, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. म्हणजे त्यांनी काही लपवण्याचा कट केला, या सोप्या निष्कर्षाला फारसा आधार नाही. निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही आणि म्हणून त्याची घाई कोणाला वाटली नाही, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे आणि मला तेच अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

सोळा वर्षे

१९७५ मध्ये चाचणीचे निकाल अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत थोडक्यात मांडले गेले. १९८१ मध्ये स्टीव्हन ब्रोस्टे या विद्यार्थ्याने मिनेसोटा विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंध सादर केला. या चाचणीचे विश्लेषण त्यात बरेच खोलात जाऊन केले होते, पण प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयापुरताच राहिला. पूर्ण शोधनिबंध १९८९ मध्ये, म्हणजे चाचणी संपल्यावर सोळा वर्षांनी, धमनीकाठिण्याला वाहिलेल्या एका नियतकालिकात आला. कीज यांचे नाव त्याच्या लेखकांत नव्हते. निबंधात लाभ न झाल्याचे स्पष्ट म्हटले होते, त्यामुळे निकाल पूर्णपणे दडपला गेला असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र कोलेस्टेरॉलमधील घट आणि मृत्यू यांचा प्रत्येक व्यक्तीच्या पातळीवरचा संबंध आणि शवविच्छेदनांचे तपशील त्यात आले नाहीत.

या सोळा वर्षांत बाहेरचे जग थांबले नव्हते. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने राष्ट्रीय आहार-उद्दिष्टे जाहीर केली आणि १९८० मध्ये सरकारी आहार-मार्गदर्शिका आली. दोन्हींत संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला होता. तो सल्ला या एका चाचणीमुळे बदलला असता, असे नाही. तो बदलायला हवा होता का, हाही वेगळा प्रश्न आहे. पण या विषयावरची तोपर्यंतची सर्वांत मोठी यादृच्छिक चाचणी, जिच्यात लाभ दिसला नव्हता, ती सल्ला देणाऱ्यांच्या मेजावर पूर्ण स्वरूपात नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. त्याच काळात कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे धोका उतरला, हे समीकरण सरसकट वापरले जाऊ लागले. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मक्याच्या तेलाच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयीचा मर्यादित दावा छापण्यास परवानगी दिली. त्यामागील पुरावा अत्यंत मर्यादित व प्राथमिक असल्याचे त्या दाव्यातच लिहावे लागत होते, हे खरे. पण मक्याच्या तेलावरील सर्वांत मोठ्या चाचणीचे बरेच आकडे तोवर छापलेच गेले नव्हते.

तळघरातील खोकी

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील संशोधक ख्रिस्तोफर रॅम्सडेन जुन्या आहारचाचण्यांचे मूळ आकडे शोधत होते. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान झालेल्या एका चाचणीचे आकडे त्यांनी मिळवले होते. त्या चाचणीत नुकताच हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांपैकी प्रयोग गटाला करडईचे तेल आणि त्याचे मार्गारिन देण्यात आले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणात करडई गटातील १७.६ टक्के आणि नियंत्रण गटातील ११.८ टक्के पुरुष दगावल्याचे दिसले. सोलापूर आणि मराठवाड्याच्या वाचकांना हा तपशील थबकायला लावील, कारण पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश वाटा लिनोलेइक आम्लाचा असतो आणि हृदयाला चांगले म्हणून ते आपल्याकडेही वर्षानुवर्षे शिफारसले गेले आहे. मात्र सिडनीतील रुग्णांनी करडईच्या मार्गारिनचाही वापर केला होता आणि त्यात ट्रान्स मेद, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारे आणि हृदयाला अपायकारक मेद, किती होते, हा वाद मिटलेला नाही. म्हणून त्या आकड्यांवरून आपल्या घाण्यावरच्या तेलाबद्दल थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

मिनेसोटाच्या आकड्यांच्या शोधात रॅम्सडेन यांनी फ्रान्झ यांच्या मुलाशी संपर्क साधला. इव्हान फ्रान्झ २००९ मध्ये वारले होते. मुलगा रॉबर्ट फ्रान्झ हे तेव्हा मेयो क्लिनिकमध्ये हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांना आई-वडिलांच्या घराच्या तळघरात जुनी खोकी सापडली. त्यांत कागदपत्रे आणि चुंबकीय फिती होत्या. फिती वाचून त्यांतील मजकूर आजच्या संगणकांना समजेल अशा रूपात आणणे हेच मोठे काम होते.

येथे दुसरा महत्त्वाचा निर्णयबिंदू येतो. जुने आकडे हाती आले की त्यांतून हवे ते काढता येते. चाळीस वर्षांनंतरचा संशोधक निकाल काय असावा, याबद्दल काही मत घेऊनच बसलेला असतो. रॅम्सडेन यांचेही होते. लिनोलेइक आम्ल फार वाढवणे हितावह नसावे, असे ते आधीपासून मांडत होते. त्यांच्या संघाने हा धोका ओळखून मूळ चाचणीच्या कागदपत्रांत आधीच नोंदलेल्या गृहीतकांची तपासणी केली, नवी गृहीतके नंतर जोडली नाहीत, आणि निकाल तत्सम इतर चाचण्यांसोबत एकत्र करून मांडला. एप्रिल २०१६ मध्ये हा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

नव्या विश्लेषणाने काय दाखवले, आणि काय नाही

कोलेस्टेरॉल प्रयोग गटात सरासरी १३.८ टक्क्यांनी आणि नियंत्रण गटात १ टक्क्याने उतरले होते. मृत्यूंच्या बाबतीत प्रयोग गटाला लाभ झाल्याचे दिसले नाही. येथपर्यंत १९८९च्या निबंधाशी हे जुळते.

नवीन होते ते पुढचे. कोलेस्टेरॉल दर ३० मिलिग्रॅमने उतरण्यामागे मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. हा आकडा वर्तमानपत्रांनी उचलला आणि त्याचा अर्थ बहुतेकांनी चुकीचा लावला. या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे. यादृच्छिक चाचणीचे सामर्थ्य दोन गटांच्या तुलनेत असते, कारण गट चिठ्ठीने ठरलेले असतात. ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त उतरले आणि ज्यांचे कमी उतरले, हे गट मात्र चिठ्ठीने ठरलेले नव्हते. हा संबंध नियंत्रण गटातही दिसला, म्हणजे ज्यांना मक्याचे तेल मिळालेच नव्हते, त्यांच्यातही कोलेस्टेरॉल उतरलेले लोक अधिक दगावले होते. वृद्धांत तो प्रामुख्याने दिसला. दीर्घ आजारात, अन्नावरची वासना उडाल्यावर, वजन घटल्यावर कोलेस्टेरॉल आपोआप उतरते आणि मृत्यूही जवळ आलेला असतो. त्यामुळे घट हे कारण होते की येऊ घातलेल्या मृत्यूचे लक्षण, हे या विश्लेषणातून सांगता येत नाही. शिवाय ही गणना किमान एक वर्ष चाचणीत राहिलेल्या २,३५५ जणांवरच आधारलेली आहे, म्हणजे मूळ संख्येच्या साधारण चौथ्या हिश्शावर.

शवविच्छेदनांचे आकडेही असेच सावधपणे वाचावे लागतात. प्रयोग गटातील ७६ पैकी ३१ जणांच्या, म्हणजे ४१ टक्क्यांच्या हृदयस्नायूवर झटक्याच्या खुणा होत्या, तर नियंत्रण गटात ७३ पैकी १६ जणांच्या, म्हणजे २२ टक्क्यांच्या. ऐकताना हा फरक धक्कादायक वाटतो. परंतु एकूण २९५ शवविच्छेदनांपैकी केवळ १४९ फायली मिळाल्या. उरलेल्या कोठे गेल्या आणि त्या एका बाजूच्या जास्त होत्या का, हे माहीत नसताना या टक्केवारीवर भार टाकता येत नाही. निबंधाच्या लेखकांनीही तसे नमूद केले होते.

पाच चाचण्यांतील १०,८०८ जणांचे आकडे एकत्र केल्यावर, लिनोलेइक आम्लाने समृद्ध तेले संपृक्त मेदाऐवजी देऊन हृदयविकाराचे मृत्यू कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. माझ्या मते २०१६च्या निबंधातील सर्वांत भक्कम विधान हेच आहे, आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेलेही.

त्यानंतरचा वाद

निबंधावर तातडीने टीका झाली. हार्वर्डमधील पोषणतज्ज्ञांचे म्हणणे होते की मुदत फार थोडी होती, रुग्ण येत-जात होते, आहारात ओमेगा-३ वाढवलेच नव्हते आणि मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची शक्यता होती. २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मेदांविषयी सल्लापत्र काढले, तेव्हा त्यातील मुख्य चार चाचण्यांत मिनेसोटाला स्थान दिले नाही. फिनलंडमधील मनोरुग्णालये, लॉस एंजेलिसमधील निवृत्त सैनिकांचे निवासगृह, ऑस्लो आणि ब्रिटन येथील त्या चार चाचण्यांवरून संपृक्त मेदाऐवजी बहुअसंपृक्त मेद घेतल्यास हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असा निष्कर्ष मांडला गेला.

टीकेत तथ्य आहे, पण तिची मोजपट्टी दोन्ही बाजूंना सारखी लावली गेली का, हा प्रश्न उरतो. मिनेसोटातील नियंत्रण गटाच्या जेवणातही सरकारी शिलकीतून आलेले नेहमीचे मार्गारिन आणि शॉर्टनिंग (वनस्पती तुपासारखे घट्ट केलेले मेद) होते, म्हणजे ट्रान्स मेद त्या बाजूलाही होते. ऑस्लोत रुग्णांना सोयाबीनच्या तेलासोबत मासे आणि कॉड माशाच्या यकृताचे तेलही दिले गेले होते, त्यामुळे तेथील लाभ केवळ संपृक्त मेद घटल्याचा होता, असे म्हणणे कठीण आहे. फिनलंडमधील चाचणीत व्यक्तींची यादृच्छिक विभागणी नव्हती. दोन रुग्णालयांनी काही वर्षांनी आहारांची अदलाबदल केली होती. सोयाबीनच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल सुमारे सात टक्के असते, मक्याच्या आणि करडईच्या तेलात ते नगण्य असते. लाभ दिसलेल्या चाचण्यांत बहुधा सोयाबीन वा मासे होते आणि लाभ न दिसलेल्या चाचण्यांत मका आणि करडई होती, हा योगायोग असू शकतो. तो केवळ योगायोग मानून सोडून देण्याइतका मात्र किरकोळ नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही येथे नोंदवायला हवा. २०१९ मध्ये १३ देशांतील ३० अभ्यासगटांतील ६८,६५९ लोकांच्या रक्तातील व चरबीतील मेदाम्लांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार कमी आढळले. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १५ यादृच्छिक चाचण्या एकत्र केल्यावर, संपृक्त मेद दोन वर्षांहून अधिक काळ कमी केल्याने हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकत्रित घटना १७ टक्क्यांनी घटल्या, मात्र एकूण मृत्यूंवर फारसा परिणाम दिसला नाही. आणि घातक प्रकारचे कोलेस्टेरॉल औषधाने उतरवल्यास जीव वाचतात, हे १९९४ पासूनच्या स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांनी नि:संशय दाखवले आहे. ‘कोलेस्टेरॉल निरुपद्रवी आहे’ किंवा ‘लोणी-तूप आता मोकळे’, असे मिनेसोटावरून म्हणणे म्हणजे या सगळ्या पुराव्याकडे पाठ फिरवणे होय. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था एकाच तेलावर विसंबून न राहता तेले आलटून-पालटून किंवा मिसळून वापरायला सांगते. मेदाम्लांच्या समतोलाच्या दृष्टीने तो सल्ला या वादाच्या दोन्ही निकालांत टिकतो.

वेगळे काय करता आले असते

आखणीच्या पातळीवर सर्वांत मोठी उणीव एकाच तेलाची होती. तिसरा गट ठेवून त्याला सोयाबीनचे किंवा रॅपसीडचे तेल दिले असते, तर ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचा प्रश्न पन्नास वर्षे लोंबकळत राहिला नसता. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे ही अपेक्षा अवाजवी ठरू शकते, म्हणून तिचा दोष संशोधकांना देणे योग्य नाही. पाठपुराव्याबद्दल वर लिहिलेच आहे. संमतीबद्दल त्या काळातही अधिक करता आले असते, निदान रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत लेखी माहिती पोहोचवता आली असती.

प्रकाशनाच्या बाबतीत मात्र ‘त्या काळी असेच चालायचे’ हे उत्तर पुरत नाही. १९७५ मध्ये परिषदेत मांडण्याइतके निकाल तयार होते. संगणकाची मर्यादा हे कारण १९८१ नंतर उरत नाही, कारण एका विद्यार्थ्याने तेच आकडे घेऊन सविस्तर विश्लेषण करून दाखवले होते. त्या प्रबंधातील जगण्याच्या शक्यतेचे आलेख २०१६ मध्ये रॅम्सडेन यांच्या संघाला वापरता आले, यावरूनच ते छापण्याजोगे होते हे दिसते. १९८९चा निबंध १९७६ मध्ये, त्याच मर्यादांसह आला असता, तर पुढच्या चाचण्यांची आखणी करणाऱ्यांना निदान कोणत्या जागी घसरगुंडी आहे, हे कळले असते.

आज असा विलंब करणे अधिक कठीण आहे. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिके आधी नोंदणी नसलेल्या चाचण्या छापत नाहीत. भारतात चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली. नकारात्मक आणि अनिर्णित निकालही प्रसिद्ध झाले पाहिजेत, असे मानवी संशोधनाच्या नीतितत्त्वांविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे. नोंदणीमुळे चाचणी झाली होती, एवढे कळते. मूळ आकडे जपून ठेवण्याची आणि इतरांना पाहू देण्याची सक्ती मात्र तिच्यात नाही, आणि आहारावरील चाचण्यांत तर औषधांच्या चाचण्यांपेक्षाही ती ढिली आहे. एखाद्या विद्यापीठात किंवा वसतिगृहाच्या खाणावळीत तेलाची तुलना करणारा अभ्यास सुरू होत असेल, तर नीतिसमितीने परवानगी देतानाच दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: निकाल कोणताही आला तरी तो किती महिन्यांत सादर होईल, आणि मुख्य संशोधक निवृत्त झाल्यावर आकडे कोणाच्या ताब्यात राहतील.